जुन्या सर्व्हरच्या पेटीत नवा संगणक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरात ओघात एक वाक्य लिहून गेले होते. माझ्या घरचा संगणक एका जुन्या सर्व्हरच्या कॅबिनेटमध्ये बसवलेला आहे आणि त्या कॅबिनेटमध्ये आता चौथा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य सर्किट बोर्ड, नांदतोय. तेवढ्या वाक्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांची परिस्थिती सारखीच आहे. विंडोज 10ची मुदत 14 ऑक्टोबर 2025ला संपली. विंडोज 11ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या बोर्डावर नाही, म्हणून नवा बोर्ड घ्यायचाय. आणि नेमकी त्याच सुमारास ओळखीच्या एखाद्या कचेरीतून भक्कम पेटी फुकट नाहीतर भंगाराच्या भावात मिळतेय. तेव्हा या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : आमची कचेरी नव्या जागेत हलली तेव्हा दोन टॉवर सर्व्हर 'कुणाला हवेत तर न्या' म्हणून मला मिळाले. आतलं सामान साधारण 2008 सालचं, वजन एकेकाचं वीस किलोच्या पुढे. मुलगा ॲनिमेशन शिकतोय, त्याला नवा संगणक बांधून द्यायचाय. लॅमिंग्टन रोडला एका दुकानदाराला फोटो दाखवले तर तो म्हणाला, यात काही बसत नाही, भंगारात घाला. ताई, खरंच काही बसत नाही का?
मुलुंडहून एक हिशेबनीस

उत्तर : बसतं. पण दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याला दिवसाला चार-पाच मशीन बांधून द्यायची असतात आणि तुमच्या एका पेटीला अख्खा रविवार जाईल, कदाचित दोन.

हे मुळात शक्य कशामुळे होतं ते आधी सांगते. 1995 साली इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, मागच्या सॉकेटांची खिडकी साधारण 159 बाय 45, कार्डांच्या फटी एकमेकींपासून 20.32 मिलिमीटरवर. त्यानंतर प्रोसेसर बदलले, मेमरी बदलली, केबली बदलल्या, पण ती भोकं तीस वर्षांत जागची हललेली नाहीत. सर्व्हरचे बोर्ड याहून मोठे असतात, 305 बाय 330पर्यंत. तरी सुपरमायक्रो किंवा चेनब्रोसारख्या कंपन्यांच्या ज्या पेट्या सुट्या विकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच पेट्यांत एटीएक्सची भोकंही पाडलेली असतात. तुमच्या पेटीवर असं नाव निघालं तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

मोठ्या ब्रँडचा तयार सर्व्हर असेल तर मात्र बोर्ड त्यांच्या मापाचा, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) त्यांच्या मापाचा, पंख्यांच्या पिनांचा क्रमही त्यांचाच. कित्येकदा बोर्ड स्क्रूवर नसतोच. चावीच्या भोकासारख्या खाचा असतात आणि त्यांत तो सरकवून अडकवलेला असतो. तुमच्या दुकानदाराला फोटोत बहुतेक हेच दिसलं असावं.

तुम्ही एकच करा, एवढ्यात काही विकत घेऊ नका. कुणा ओळखीच्याकडून चालू काळातला एक एटीएक्स बोर्ड तासभर मागून आणा. तो एका पुठ्ठ्यावर ठेवा, कडेनं पेन्सिल फिरवा, प्रत्येक भोकातून टोक दाबून खूण करा आणि पुठ्ठा कापा. हा पुठ्ठ्याचा बोर्ड पेटीत आडवा-उभा फिरवून बघा. मागची खिडकी पाठीमागच्या पत्र्यावर बरोबर आली पाहिजे आणि कार्डांच्या फटी फटींसमोर. भोकं नाही जुळली तरी चालतं, ती पाडता येतात. जागाच नसेल तर मात्र इलाज नाही. आणखी एक अंतर आताच मोजून घ्या. कार्डाच्या फटीपासून पुढच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती? ॲनिमेशनसाठी घेतात ती ग्राफिक्स कार्डं आता 300 मिलिमीटरच्या पुढे जातात. सर्व्हरमध्ये मधोमध पंख्यांची आडवी भिंत असते, तीच नेमकी आड येते. ती बहुधा चार-सहा स्क्रूंवर असते आणि अख्खी निघते.

भोकं जुळत नसतील तर मी काय करते ते लिहिते. ज्या दुकानात संगणक जोडून देतात तिथे पुढचं तोंड फुटलेलं, दार वाकलेलं एखादं साधं कॅबिनेट कोपऱ्यात पडलेलं असतंच. ते किरकोळ पैशात मिळतं. त्यातला बोर्डाचा पत्रा आणि पाठीमागचा खिडकी-फटींचा पत्रा हे दोन्ही एकमेकांना जोडलेले असतानाच एकसंध कापून घ्यायचे. सुटे करायचे नाहीत. बोर्ड आणि फटी यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं जरी चुकलं तरी कार्ड तिरकं बसतं, आणि ते अंतर कारखान्यात आधीच जमवून दिलेलं असताना आपण पुन्हा जमवायच्या खटपटीत पडू नये. मग सर्व्हरच्या पाठीत तेवढा चौकोन कापायचा, हा तुकडा आत बसवायचा, गुण्या लावून काटकोन तपासायचा आणि पॉप रिवेट मारायचे. 3.2 मिलिमीटरचे रिवेट पुरतात. भोक पाडण्याआधी सेंटर पंचनं खूण खोल करा, नाहीतर ड्रिल पत्र्यावरून घसरतं.

माझे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1982च्या संपात काम गेलं, पण कानस, गुण्या आणि पंच घरातच राहिले. पत्र्याला हात लावायला मी त्यांच्याकडे शिकले. त्यांचा एक नियम मी आजही पाळते. कापलेली प्रत्येक कड कानशीनं मारायची आणि मग तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा. कापसाचा एक धागा जरी अडकला तरी कड अजून तयार नाही. उद्या तुमच्या मुलाचा हात केबल लावायला त्याच कडेजवळून आत जाणार आहे, म्हणून हे सांगते.

गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे पेटी देऊन 'टाके मारून द्या' असं मात्र सांगू नका. या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो. रिवेटला हा धोका नाही, शिवाय उद्या चूक लक्षात आली तर रिवेट ड्रिल करून काढता येतो.

कापाकापी झाल्यावर जो बारीक कीस पडतो तो बोर्डाचा वैरी. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पेटीच्या सगळ्या सांदीकोपऱ्यांतून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घ्या. कीस पिशवीत राहतो, चुंबक स्वच्छ निघतो. रिवेट ॲल्युमिनियमचे असतात, त्यांचा कीस चुंबकाला लागत नाही. त्याच्यासाठी रंगाचा नवा ब्रश घ्या आणि मग व्हॅक्यूम फिरवा. एवढं झाल्याशिवाय बोर्ड त्या खोलीतसुद्धा आणू नका.

आता पितळी खुंट्या, म्हणजे स्टँडऑफ, ज्यांच्यावर बोर्ड पत्र्यापासून अधांतरी उभा राहतो. 2007 साली माझ्या त्याच पेटीत दुसरा बोर्ड बसवताना आधीच्या बोर्डाची एक खुंटी काढायची राहून गेली. नव्या बोर्डाला तिथे भोक नव्हतं. खुंटीचं डोकं बोर्डाच्या पाठीला टेकलं, ते नेमकं एका सांध्यावर. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला आणि करपल्याचा वास आला. चार महिने पैसे साठवून घेतलेला बोर्ड होता तो. तेव्हापासून मी खुंट्या मोठ्यानं मोजते. बोर्डाला नऊ भोकं तर पेटीत नऊच खुंट्या, दहावी दिसली की काढायची. स्क्रूही तपासून घ्या. दोन जातींचे असतात, एक जाड आट्यांचा, इंचाला 32 आटे असलेला, आणि दुसरा बारीक आट्यांचा एम-3. दिसायला सारखेच. एकाच्या खुंटीत दुसरा पिळलात तर पितळेचे आटे जातात.

एसएमपीएस जुना ठेवू नका. सर्व्हरमध्ये दोन-दोन असतात, एक बंद पडला तर दुसरा भार घेतो, ओढून काढता येतात. ते पाहून कुणालाही मोह होतो. पण त्यांची जोडणी त्याच सर्व्हरच्या बोर्डासाठी केलेली असते आणि त्यांच्यातल्या कपॅसिटरांचं वयही झालेलं असतं. नवा घ्या. एटीएक्सच्या एसएमपीएसचं तोंड 150 बाय 86 मिलिमीटरचं. जुन्या जोडगोळीचं भोक त्याहून मोठं असतं, म्हणून दीड मिलिमीटरच्या पत्र्याची पट्टी कापून त्यावर एसएमपीएस बसवा आणि पट्टी पेटीला. टॉवर सर्व्हर खोलीला जास्त असतो, त्यामुळे प्रोसेसरकडे जाणारी आठ पिनांची वायर हमखास कमी पडते. तिची वाढीव वायर आधीच घेऊन ठेवा, नाहीतर रविवार संध्याकाळी सगळं जोडून झाल्यावर चार इंचांसाठी अडून बसाल.

पुढचं बटण सोपं आहे. जुन्या सर्व्हरमध्ये बटण, दिवे आणि कुलूप सगळं एका पट्टीसारख्या वायरीतून येतं आणि कोणती तार कशाची ते कुठे लिहिलेलं नसतं. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवा, दोन-दोन पिना लावत जा आणि दर वेळी बटण दाबा. दाबलं की वाजतो आणि सोडलं की गप्प होतो, ती जोडी तुमची. बोर्डाला लागतं ते दारावरच्या घंटीसारखं बटण, दाबल्यापुरतं जुळणारं. जोडी सापडलीच नाही तर त्याच जागी 16 मिलिमीटरचं नवं बटण बसवा.

पंख्यांवरची चिठ्ठी न वाचता एकही पंखा नव्या बोर्डाला लावू नका. सर्व्हरचे पंखे 38 मिलिमीटर जाड, चिठ्ठीवर 12 व्होल्ट आणि दोन, अडीच अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरगुती बोर्डाचा पंख्याचा सॉकेट सहसा एक अँपिअरचा. पंखा फिरेल, पण बोर्डावरचा तो भाग जळून जाऊ शकतो. नवे 120 मिलिमीटरचे, चार पिनांचे, 25 मिलिमीटर जाडीचे घ्या. हवा पुढून आत आणि मागून बाहेर जाते, ती दिशा सर्व्हरच्या पेटीत मुळातच उत्तम असते. तिला धक्का लावू नका.

आणि कचेरीकडून एक साधं पत्र लिहून घ्या की या दोन वस्तू वापरासाठी तुम्हाला दिल्या. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या कार्यालयांना आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. कागद असला की त्यांचीही पंचाईत होत नाही आणि तुमचीही.

प्रश्न : माझ्याकडे लोखंडी रॅकमध्ये बसणारी दोन कॅबिनेटं आहेत. एक अगदी चपटं, एक त्याच्या दुप्पट जाडीचं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, घरात सासूबाई आजारी असतात. आवाज किती होईल?
दहिसरहून एक वाचक

उत्तर : चपटं घरात आणू नका. रॅकच्या पेट्यांची उंची 'यू'मध्ये मोजतात, एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. चपट्या पेटीत 40 मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा मावत नाही आणि तेवढ्याशा पंख्यानं पुरेशी हवा ढकलायची तर त्याला मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घ्यावे लागतात. मी बँकांच्या सर्व्हर खोल्यांमध्ये बावीस वर्षं काम केलंय. तो आवाज दिवसभर ऐकला की रात्री अंथरुणावर पडल्यावरही कानात राहतो. आजारी माणसाच्या उशाशी तो अजिबात नको.

दुप्पट जाडीचं, म्हणजे दोन यू, 88.9 मिलिमीटर. त्यात 80 मिलिमीटरचे पंखे बसतात आणि ते हळू फिरवता येतात. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो, म्हणजे फरक चांगलाच जाणवतो. पण उभं पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड त्यात मावत नाही, नेहमीचा एसएमपीएसही बहुधा मावत नाही आणि प्रोसेसरवर बुटका कूलर लावावा लागतो. पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, बँकेची कामं एवढ्याला पुरेल. मला विचाराल तर ही दोन्ही देऊन टाका आणि चार यूचं एखादं मिळतंय का पाहा. 177.8 मिलिमीटरच्या उंचीत सगळं नेहमीचं सामान उभं राहतं आणि टेबलाखाली आडवं सरकवता येतं.

प्रश्न : तुमचं वाचून उत्साहानं भावाकडचं सर्व्हरचं कॅबिनेट आणलं, संगणक बसवला, उत्तम चालतो. पण पेटीला उघडा हात लागला की बोटांना चुणचुणतं. आमची चाळ जुनी, भिंतीतला सॉकेट दोन पिनांचा, त्याला अडॅप्टर लावलाय. पूर्वीच्या संगणकाला असं होत नव्हतं.
गिरगावातून एक शिक्षिका

उत्तर : बाई, हे उत्तर वाचलंत की आधी प्लग काढा. घाबरवायला म्हणत नाही, पण हे तसंच चालू ठेवू नका.

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक गाळणी असते. तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना पेटीच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तिथला बारीकसा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर जाऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसतं चुणचुणतं. पूर्वीच्या संगणकालाही हे होतच असणार, पण त्याच्या तोंडावर प्लॅस्टिक होतं आणि बाजूला जाड रंग. सर्व्हरची पेटी चहूबाजूंनी पत्र्याची, म्हणून तुम्हाला कळलं. कळलं हे बरंच झालं. कारण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला आणि फेजची तार पत्र्याला लागली, तर हाच पत्रा पूर्ण 230 व्होल्टवर असेल आणि त्या वेळी तुमचा हात त्याच्यावर असेल.

परवानाधारक वायरमन बोलावून मीटरपासून अर्थची तार ओढून घ्या आणि तीन पिनांचा सॉकेट बसवा. काम झाल्यावर त्याच्याकडूनच मल्टिमीटरनं मोजून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये 230च्या आसपास आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. चाळीत दोन 'उपाय' सर्रास सुचवतात. एक, अर्थची तार नळाच्या पाइपला बांधायची. दुसरा, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकायचे. दोन्ही जिवावर बेतणारे आहेत. पहिल्यात नळाला हात लावणाऱ्या शेजाऱ्याला झटका बसू शकतो. दुसऱ्यात न्यूट्रलची तार कुठेही तुटली की सगळी पेटी जिवंत होते. कुणी कितीही अनुभवी असो, तुम्ही नाही म्हणा. नव्या सॉकेटबरोबर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

प्रश्न : माझ्या पेटीत पुढे आठ डिस्कचे सरकते कप्पे आहेत. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा माझा व्यवसाय, डिस्कच डिस्क लागतात. हे कप्पे नव्या बोर्डाला जोडता येतील का? आणि कप्प्यांत जुन्या डिस्क तशाच आहेत, त्यांचं काय करू?
कुर्ल्याहून एक छायाचित्रकार

उत्तर : जुनी पेटी ठेवावी यासाठी याहून चांगलं कारण नाही. असे कप्पे नव्या साध्या कॅबिनेटमध्ये मिळत नाहीत.

एक कॅडी, म्हणजे डिस्कचा सरकता कप्पा, ओढून काढा आणि टॉर्च मारून आत कप्प्यांमागे असलेल्या सर्किटच्या पाटीवरचं कनेक्टर बघा. लांबट, दाट पिनांचं, 80 पिनांचं असेल तर ती स्कझी या जुन्या जोडणीची पाटी आहे. तिचा आता उपयोग नाही. ती काढा, कप्प्यांचा पिंजरा ठेवा आणि डिस्कला मागून थेट वायरी लावा. साटाच्या, म्हणजे घरगुती संगणकातल्या नेहमीच्या डिस्कला असतं तसंच चपटं, एल आकाराच्या दोन खाचांचं दिसलं तर ती सॅसची (सर्व्हरच्या डिस्कची जोडणी) किंवा साटाची पाटी. सॅसच्या पाटीत साटाची डिस्क बसते आणि चालते. उलट जमत नाही, सॅसची डिस्क साटाच्या सॉकेटमध्ये जातच नाही.

पाटीच्या मागे बहुधा एसएफएफ-8087 नावाचा चौकोनी सॉकेट असतो, एकातून चार डिस्क जातात. इथे एक वायर फार लोकांना फसवते. बोर्डाच्या चार साटा सॉकेटांमधून निघून पाटीच्या एका सॉकेटात जाणारी वायर 'रिव्हर्स' जातीची लागते. दिसायला अगदी तशीच 'फॉरवर्ड' वायर असते, ती कार्डाकडून चार सुट्या डिस्ककडे जाण्यासाठी. चुकीची लावली तर काही जळत नाही, पण एकही डिस्क दिसत नाही आणि माणूस पाटी बिघडली म्हणून फेकून देतो. दुकानात नुसतं '8087ची केबल' म्हणू नका, बोर्डाकडून पाटीकडे जाणारी रिव्हर्स, असं स्पष्ट सांगा. बोर्डावर आठ साटा सॉकेट नसतील तर एलएसआय 9211-8आय सारखं डिस्क जोडायचं जुनं कार्ड आयटी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी दाखवेल असं, करून मिळतं का बघा. पहिल्या पिढीची, 1068 चिपची कार्डं स्वस्तात मिळतात, पण ती 2 टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण ओळखत नाहीत. तुमच्या कामाला ती घेऊ नका.

जुन्या डिस्कमध्ये कुणाचा तरी पगार, कुणाची तरी खाती असतील. तुम्ही त्या उघडून बघू नका. ज्यांची पेटी त्यांना परत करा, नाहीतर त्यांच्या लेखी संमतीनं पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून पुसा. नुसतं फॉरमॅट म्हणजे पुसणं नाही.

प्रश्न : समुद्र घरापासून दीडशे पावलांवर. पेटी दोन पावसाळे गच्चीवरच्या पत्र्याखाली होती. कडांना तांबडा गंज धरलाय. घ्यावी का?
वरळी कोळीवाड्यातून एक वाचक

उत्तर : घ्या, पत्रा नखानं दाबून बघून. गंज वरवर असेल तर नख घसरतं, खोल असेल तर पापुद्रा निघतो. पापुद्रा निघाला तर ती पेटी सोडून द्या.

गंज कडांनाच का धरतो? पत्रा कापताना कडेला जस्ताचा थर राहत नाही, आतलं लोखंड उघडं पडतं आणि आपली खारी हवा तिथूनच शिरते. 220 नंबरचा घासकागद कोरडाच फिरवा, फडक्यानं पुसा, रेड ऑक्साइड प्रायमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर रंग. रंगाच्या भरात एक चूक करू नका. बोर्डाच्या खुंट्यांची जागा, एसएमपीएस जिथे पत्र्याला टेकतो ती जागा आणि दारं जिथे चौकटीला भिडतात त्या कडा उघड्याच ठेवा. रंग विजेला अडवतो आणि पेटीच्या भागांची एकमेकांतली अर्थिंग तुटते. तिथे पातळ चिकटपट्टी लावून मगच रंग मारा. आतला काळा स्पंज हाताला चिकट लागत असेल किंवा चुरा होत असेल तर तो आधी खरवडून काढा. तोच चुरा पुढे पंख्यात जातो.

प्रश्न : साडेतीन हजारांत काचेचं नवं कॅबिनेट मिळतं. मग एवढा उपद्व्याप कशाला? मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पैसे बेताचे आहेत, आणि तुमचं पटवून घ्यायची इच्छा आहे.
विलेपार्ल्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं घर लहान असेल, डिस्क एकच असेल आणि जवळ ड्रिल, कानस, मल्टिमीटर नसेल, तर नवंच घे. अवजारांचा खर्च धरला तर जुनी पेटी स्वस्त पडत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मी माझी का ठेवली ते सांगते. तिच्या दाराची बिजागरी इतक्या वर्षांत एकदाही करकरलेली नाही. पत्रा 1.2 मिलिमीटरचा, हातानं दाबला तर वाकत नाही. साडेतीन हजारांच्या कॅबिनेटचा पत्रा अंगठ्यानं दाबला की थाळीसारखा वाजतो, आणि जड ग्राफिक्स कार्ड बसवलं की पाठ वाकते. माझ्या पेटीत तीन बोर्ड आले आणि गेले, प्रत्येक वेळी मी फक्त खुंट्या हलवल्या. लोखंड खाणीतून काढायला, वितळवायला, लाटायला जी काय शक्ती लागली ती एकदाच लागली. ती पेटी भंगारात जाऊन पुन्हा वितळली असती तर पुन्हा लागली असती. मला हे महत्त्वाचं वाटतं, म्हणून मी दोन रविवार देते.

तुला करून बघायचं असेल तर पेटी विकत घेण्याआधी तुझ्या कॉलेजच्या कार्यशाळेत विचार. ड्रिल, कानस, गुण्या, रिवेटची पक्कड हे तिथे असतंच, आणि शिकवणारेही. पुठ्ठ्याचा बोर्ड मात्र घरून करून ने. आणि पेटी आणायला जाशील तेव्हा सोबत एक जण असू दे. लोकलच्या लगेजच्या डब्यातून आण, गर्दीच्या वेळी नको. रिकामी केलीस तरी जड असते, म्हणून चढवताना पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला धरून उचलू नकोस, ते हातात निघून येतं. खालून, पत्र्याला धरून उचल.